घर क्रमांक तीन

आमच्या शोधनिबंधात माझ्या वडिलांचं नाव कुठेही नाही. तिथे ते 'घर क्रमांक तीन' आहेत. वय सत्तरीच्या पुढे, एकटे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, ठिकाण मिरज. निबंधातल्या चौथ्या आकृतीत साठ घरांच्या साठ रेषा आहेत. त्यातली सगळ्यात खालची, तळाला टेकलेली रेषा त्यांची. त्या रेषेच्या जोरावर मी प्राध्यापक झाले, देशोदेशी भाषणं ठोकली. ती आकृती पडद्यावर आली की मी लेझरचा ठिपका त्या रेषेवर ठेवून क्षणभर थांबायची, लोकांच्या तोंडून 'वा' यावं म्हणून. आता खोटं कशाला बोलू?

हे कबुलीजबाब म्हणूनच वाचा. विज्ञान त्यात आहे, पण बेताचंच. ते आधी उरकून टाकते.

बिनतारी यंत्राला सगळ्यात जड जातं ते बोलणं. काडेपेटीएवढी डबी असते, आत दोन पेन्सिल सेल. हालचाल टिपणं, वेळ मोजणं, आकडेमोड करणं, ह्याला वीज नाममात्र लागते. पण तीच गोष्ट रेडिओवरून दुसऱ्या डबीला कळवायची म्हटलं की सेल भराभर संपतात. कमी कसं बोलावं, ह्याच एका प्रश्नाशी आमच्या क्षेत्रातली माणसं कित्येक वर्षं झटापट करतायत. पुण्याच्या आमच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं उत्तर काढलं ते असं, की शक्यतो बोलूच नये. त्या पद्धतीचं नाव आम्ही 'मौन' ठेवलं.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या घरात आम्ही पाच डब्या बसवतो. दारावर, न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, पलंगाखाली आणि नेहमीच्या खुर्चीखाली. शिवाय बाहेरच्या खोलीत एक मुख्य डबी, इंटरनेटला जोडलेली. ह्या माणसाचा दिवस कसा जातो याचा अंदाज मुख्य डबी बांधते, आणि तोच अंदाज प्रत्येक छोट्या डबीलाही ठाऊक असतो. सकाळी साडेपाचला न्हाणीघराचा दिवा लागणार, असा अंदाज आहे. लागला. मग सांगायचं काय? डबी गप्प. अंदाज चुकला, तरच ती तोंड उघडते. डबीच मेली तर कळावं म्हणून दुपारी बारा वाजता प्रत्येकीची एक हजेरी, आणि संपलं. लांब राहणाऱ्या मुलाच्या फोनवर एक हिरवा ठिपका दिसतो आणि खाली एकच शब्द, 'ठीक'. आकृतीतली रेषा म्हणजे घरातून रोज किती संदेश आले ते; ती जितकी खाली, तितके सेल जास्त टिकणार.

ह्यात एक खुबी होती. अंदाज चुकला असं कधी म्हणायचं? सुरुवातीला आम्ही पाऊण तासाची सूट दिली होती. पण माणूस जसजसा नेमानं वागेल, तसतशी ती सूट आपोआप आवळत जावी, म्हणजे आजारपणाची बारीकशी सुरुवातही लवकर पकडता येईल, अशी ती योजना. कल्पना माझी. तिच्यासाठी मला वेगळं पारितोषिक मिळालं.

मुळात ही सगळी कल्पना सुचली तीही अण्णांमुळे. अण्णा, म्हणजे दिनकर तगारे, तारखात्यात होते. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "अण्णा, आपल्याकडे तार का येत नाही?" ते म्हणाले, "येऊ नये म्हणूनच तर देवाला नमस्कार करायचा. सगळं बरं असल्याची तार कोण करतंय?" पुढे पंचवीस वर्षांनी मी ते वाक्य गणितात मांडलं.

आमच्यात एक रीत आहे. नवीन डबी पहिल्यांदा लावायची ती आपल्याच माणसाच्या घरात. काही बिघडलं तर बोभाटा होत नाही. पहिलं घर माझं क्वार्टर, दुसरं एका सहकाऱ्याच्या सासूबाईंचं आणि तिसरं अण्णांचं. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पुण्याला या म्हटलं तर ते ऐकेनात. मी डब्या बसवल्या आणि मनावरचं ओझं उतरवून परत आले.

पहिल्या वर्षी अंदाज कच्चा होता. तो चुकला की चुकीपुढे कारण नोंदवायचं, असा नियम होता. म्हणून मी फोन करायची.

"अण्णा, काल दुपारी चार दहाला दार उघडलंत, सातला परत आलात. कुठे गेला होतात?"

"दस्तगीरकडं. तंबोरा लावायला बोलावलं होतं त्यानं."

"बरं, 'मित्र' असं लिहिते. आणि पहाटे तीनला न्हाणीघर?"

"पोट जरा..."

"पोट. ठीक. ठेवते मग."

वर्षभरात असे शंभर तरी फोन झाले असतील. पुढे अंदाज सुधारला, चुका कमी झाल्या आणि फोनही कमी झाले. दुसऱ्या वर्षी महिन्याला एखादा. नंतर विचारण्यासारखं काही उरलंच नाही. भांडण नाही, अबोला नाही, पण फोन सुटला तो सुटलाच. बैठकीत टेबलाखाली मोबाइल बघायचा. हिरवा ठिपका, ठीक. वडिलांची विचारपूस केल्याचं समाधान मला त्या ठिपक्यातून मिळायचं. इतकी मी निर्लज्ज झाले होते.

सहाव्या वर्षी सरकारनं 'सोबत' नावाची योजना आखली. एकट्या राहणाऱ्या चार लाख वृद्धांच्या घरांत आमच्या डब्या. अट एकच. सेल दहा वर्षं टिकतात, असा अंतिम अहवाल माझ्या सहीनं सोमवारी जायला हवा होता. घर क्रमांक तीनमधले सेल सहा वर्षांनंतरही निम्म्याहून जास्त भरलेले होते. त्यामुळे मला चिंता नव्हती.

त्याच आठवड्यात बुधवारी प्राची माझ्या खोलीत आली. प्राची कोळेकर, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जतकडची. बोलते कमी, पण बोलली की समोरच्याला उठून नीट बसावं लागतं.

"मॅडम, तीन नंबरचं घर आकृतीतून काढू या का?"

"का? आपलं नाक आहे ते!"

"माणूस असा वागत नाही, मॅडम." तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बाकीची घरं बघा. गणपतीत उसळी आहे. लग्नसराईत आहे. कुणाला जुलाब झाले, उसळी आहे. तीन नंबरला चार वर्षांत एकही नाही. दिवाळीला नाही, दसऱ्याला नाही. ताप तरी येतो की नाही माणसाला?"

"नेमाचा माणूस आहे तो."

"ते तुमचे वडील आहेत हे मला माहितेय. पण सूट आता आठ मिनिटांवर आलीय आणि ते आठ मिनिटांतच बसतायत. रोज. एकतर डबी बिघडलीय, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर आकडे कुणीतरी हातानं भरलेत, असं परीक्षक म्हणतील."

मी तिच्यावर खेकसले. तिनं ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि उभीच राहिली. शेवटी मी म्हटलं, "उद्या मीच जाते मिरजेला. डबी बदलून आणते. मग तर झालं?"

इथे एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. चौदा महिन्यांनी मी मिरजेला निघाले ती वडिलांना भेटायला नव्हे, डबी तपासायला. पिशवीत जादा डब्या होत्या, सेल होते, मोजणीचं यंत्र होतं. त्यांच्यासाठी साधा बाकरवडीचा पुडाही घेतला नव्हता.

साडेअकराला पोचले. दार वाजवलं. आतून आवाज आला, "पार्सल असलं तर खिडकीतनं द्या. दार आत्ता उघडत नाही."

"अण्णा, मी आहे. हेमांगी."

मग कडी निघाली. अण्णा वाळले होते. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला, पण लगेच त्यांनी मान वळवून टीव्हीशेजारच्या मुख्य डबीकडे पाहिलं. डबीवरचा निळा दिवा दोनदा लुकलुकला.

"लागला," ते खिन्नपणे म्हणाले. मग सावरून, "असू दे, असू दे. ये की. आधी कळवलं असतंस तर दाराच्या वेळेला बोलावलं असतं."

तो निळा दिवा तिथे असायलाच नको होता. प्रयोगशाळेत आम्ही डबीवर असा एक दिवा डकवतो. संदेश आला की लुकलुकतो, म्हणजे रेडिओ चालू आहे की नाही ते आम्हाला दिसतं. लोकांच्या घरात जाणाऱ्या डब्यांतून तो काढून टाकतात. पण अण्णांकडे बसवलेली डबी प्रयोगशाळेतलीच होती. आपलंच घर, चालतंय की, म्हणून मी दिवा तसाच ठेवला होता.

अण्णा चहा टाकायला वळले तेव्हा दिसलं, ते लंगडत होते. डावा पाय फरफटल्यासारखा येत होता.

"पायाला काय झालं?"

"वय झालं, दुसरं काय." त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि घड्याळाकडे बघून गॅस बंद केला. "बाराची हजेरी होऊन जाऊ दे. मग स्वयंपाकघराची वेळ आहे, तेव्हा करू."

मुख्य डबीच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. अण्णांचं तारमास्तरी वळणदार अक्षर. उठणे ५.३०. न्हाणीघर ५.३४. दार, दूध, भाजी ७.१०. स्वयंपाकघर ८.५०. खुर्ची ९.३०. असं थेट रात्रीच्या पलंगापर्यंत. प्रत्येक वेळेपुढे सूट लिहिलेली, आणि ती खोडून खोडून कमी केलेली. पंचेचाळीस, तीस, वीस, बारा, आठ. मागच्या खेपेला मी कळवून सकाळी सातला आले होते आणि उभ्या उभ्या परतले होते; तेव्हा हा कागद नजरेत भरला नव्हता.

मी खुर्चीत बसायला गेले तर ते घाईनं म्हणाले, "तिथं नको. साडेबाराला आहे तिची वेळ." मी पलंगाकडे पाहिलं, तर पलंगही चालणार नव्हता. मी जमिनीवर बसले.

"हे काय आहे, अण्णा?"

एखाद्यानं आपली बाग दाखवावी तसं त्यांनी सगळं दाखवलं. "तू फोन करून विचारायचीस ना, चार दहाला कुठं होता, तीनला का उठला? तेव्हा कळलं की आपण वेळ चुकवली की तुझं काम वाढतंय. मग ह्या दिव्यावर नजर ठेवली. दिवा लागला की वेळ लिहायची. चार महिन्यांत सगळं हिशेबात आलं. पुढं पुढं ते आवळायला लागलं, तेही कळलं. पण जमतं. गजर लावलेत." ते हसले. "गेली चार वर्षं बाराची हजेरी सोडली तर एकदाही लागू दिला नाही. तू बाहेरगावी भाषणात सांगतेस ना, तीन नंबरच्या घराचं? दस्तगीरच्या नातीनं मोबाइलवर दाखवलं होतं. ती खालची रेघ माझी!"

मला काय वाटलं ते सांगते. आधी मनात आला तो अहवाल. आकृती गेली, दहा वर्षं गेली, सोमवार गेला. वडिलांचा विचार त्यानंतर आला. अर्ध्या मिनिटानं असेल, पण नंतरच. ते अर्धं मिनिट मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

चार वाजता खिडकीच्या गजांबाहेर कुणीतरी स्टूल ठेवल्याचा आवाज झाला. दस्तगीर सतारमेकर, अण्णांचे चाळीस वर्षांचे दोस्त, माझे चाचा. सतारी-तंबोरे बनवणारं घराणं. अण्णांचा कान तारखात्यात घडलेला, म्हणून नवा तंबोरा तयार झाला की चाचा तो अण्णांना ऐकवल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नसत. दर गुरुवारी दुपारी अण्णा दुकानात जायचे, हे मला पहिल्या वर्षाच्या फोनांवरून माहीत होतं. 'मित्र' असं लिहिलं होतं मी.

"कोण, हेमा बेटी?" चाचांनी गजांतून डोळे बारीक केले. "बाप आठवला म्हणायचा एकदाचा!"

"चाचा, बाहेर का बसलात? आत या."

"आत कसं येणार? दाराची वेळ सकाळी सात दहाची. चार वर्षं झाली, गुरुवार मी असाच बाहेर बसून काढतो. पाऊस असला तर छत्री घेऊन. तो दुकानात येत नाही, मी घरात येत नाही. जेलमध्ये भेटायला आल्यागत."

"दस्तगीर, पुरे," अण्णा म्हणाले.

"काय पुरे? पोरीला कळू दे की. पडलेलं सांगितलंस तिला?"

अण्णांनी मान फिरवली. चाचांनी सांगितलं. सात महिन्यांपूर्वी सकाळी सव्वानऊला अण्णा स्वयंपाकघरात घसरून पडले. खुबा लागला. उठता येईना. हाक मारली असती तर शेजारचा आला असता, पण शेजारी येणार म्हणजे दार उघडणार. अण्णा फरशीवरून सरकत सरकत खुर्चीपर्यंत आले आणि हातांच्या जोरावर वर चढून बसले.

"नऊ छत्तीसला," अण्णा हळूच म्हणाले. "साडेनऊची वेळ होती. आठ मिनिटांची सूट होती ना. दिवा लागला नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. चक्क अभिमान होता. दुसऱ्या दिवशी सात दहाला, दाराच्या वेळेला, चाचांनी हाडाचा डॉक्टर आणला. त्यानं एक्स-रे काढायला सांगितलं, पण त्यासाठी तीन तास घर रिकामं पडलं असतं. अण्णांनी एक्स-रे काढला नाही. हाड वेडंवाकडं जुळलं.

मी लॅपटॉप उघडून त्या दिवसाची नोंद काढली. एकही संदेश नाही. बाराची हजेरी, आणि दिवसभर हिरवा ठिपका. माझ्या यंत्राला पडणं कळत नव्हतं, वेळ तेवढी कळत होती. आणि मी? मी त्या दिवशी सिंगापूरला होते. पडद्यावर तीच आकृती होती.

पण मला सगळ्यात जास्त झोंबला तो गुरुवार. दर आठवड्याला ठरल्या वेळी दुकानात जाणारा माणूस, त्याचा अंदाज माझ्या यंत्राला का येऊ नये? कारण यंत्राला आठवडाच माहीत नव्हता. सुरुवातीच्या डब्यांत स्मृती फार तोकडी होती. सात दिवसांचे सात तक्ते मावत नव्हते. मी सहा कापले आणि सगळ्या दिवसांना मिळून एकच तक्ता ठेवला. 'किरकोळ तडजोड' असं तळटीपेत लिहिलं. पुढे मोठी स्मृती आली, पण तोवर आकडे इतके सुरेख दिसायला लागले होते की तो जुना तक्ता बदलावा असं कुणालाच वाटलं नाही. माझ्या जगात गुरुवार नव्हता, म्हणून अण्णांनी तो आपल्या जगातूनही काढून टाकला.

संध्याकाळी मी प्राचीला फोन करून सगळं सांगितलं. आकडे भरलेले नव्हते, पण खरेही नव्हते. ती मग म्हणाली, "मॅडम, बाकीच्या घरांत निळा दिवा नाही. पण मुलांचे फोन आहेत. थांबा, बघते." तासाभरानं तिचा फोन आला. कारणांच्या नोंदींवरून, अंदाज चुकल्यावर ज्या घरांतली मुलं लगोलग फोन करून 'काय झालं, काय झालं' विचारत होती, अशी बावीस घरं निघाली. त्या बावीसही घरांच्या रेषा हळूहळू खाली वाकल्या होत्या. जिथे मुलं ढुंकून बघत नव्हती, तिथले म्हातारे मजेत वेळ चुकवत होते. सेल दहा वर्षं टिकण्याचा आमचा दावा त्या बावीस घरांवर उभा होता. मुलांना त्रास नको म्हणून ते लोक गुपचूप वाकत गेले होते, आणि त्याला आम्ही यंत्राची हुशारी समजलो होतो.

"आता?" प्राची म्हणाली. पाच वर्षांचं तिचं काम ह्याच आकृतीवर होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

"अहवाल मागे घ्यायचा," मी म्हटलं.

अवघड काम तर पुढेच होतं. अण्णा पाठीमागे उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"मागं का घेतेस? चांगला आलाय ना माझा नंबर?"

"अण्णा, तुम्ही ठरवून तसं वागलात. त्यामुळे यंत्र खरंच ओळखतं की नाही, ते कळतच नाही."

मग त्यांचा चेहरा असा पडला, की पुढचं वाक्य ऐकण्याआधीच मला रडू फुटलं.

"म्हणजे माझ्यामुळं बिघडलं तुझं?"

चार वर्षं ह्या माणसानं मित्र सोडला, दिवाळी सोडली, मोडलेलं हाड सोडलं, आणि माझ्या कामाला हातभार लावतोय ह्या समाधानात जगला. आता मी त्याला सांगत होते, की तोच हातभार नडला. 'काही बिघडलं नाही' म्हणावं तर अहवाल पाठवावा लागणार होता. चार लाख घरांत चार लाख कागद भिंतींवर लागणार होते.

"तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. "मी फोन करायची तेव्हा तुमची चूक कुठे झाली एवढंच विचारायची. तुम्ही कसे आहात हे कधी विचारलंच नाही. बिघडलं ते तिथे."

"तू कामात असायचीस, बाळा."

"अण्णा, माझी बाजू घेऊ नका."

त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली त्यांनी ती सूट मोडूनच, पण झोप लागली नसावी. सकाळी मी पत्र लिहिलं आणि सोमवारची वाट न बघता पाठवून दिलं. पुढे व्हायचं ते झालं. योजना थांबली, कुलगुरूंनी बोलावून मला चांगलंच फैलावर घेतलं, प्राचीचा प्रबंध दीड वर्ष लांबला. तिनं तो नव्यानं मांडला आणि अंदाजाला माणसं कशी वाकतात ह्यावरच लिहिला, आणि आधीच्या दहापट चांगला लिहिला. पण दीड वर्ष तिचं गेलं ते गेलंच. मिरजेत एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, सात महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं.

निघायच्या दिवशी मी डब्या उपटल्या. मोकळ्या भिंतीकडे बघत अण्णा म्हणाले, "आता तुला कसं कळणार?"

"रोज फोन करीन ना."

"काय विचारशील?"

वडिलांना काय विचारतात, हे मला खरोखरच आठवत नव्हतं.

रोज संध्याकाळी आठला मी फोन करायला लागले. पहिल्या घंटेला उचलायचे. "कसे आहात?" "ठीक." "जेवलात?" "हो. तू?" मिनिटभरात संपायचं. तिसऱ्या आठवड्यात चाचांचा फोन आला.

"बेटी, एक सांगू का? डब्या काढल्यास, पण हा सुटलेला नाही. दुकानात येतो, पण सात वाजले की उठलाच. तुझा फोन यायचा असतो म्हणतो. इथं तारा पिळायचा आवाज असतो, पोरीला नीट ऐकू येणार नाही म्हणतो. घरी जाऊन तासभर मोबाइल मांडीवर घेऊन बसतो."

मी कपाळावर हात मारला. मी डबी काढून तिच्या जागी स्वतः जाऊन बसले होते.

त्या दिवशी आठला फोन केला आणि म्हटलं, "अण्णा, उद्यापासून मी करणार नाही. तुम्ही करा. वाटलं तर. नाही वाटलं तर नका करू."

"म्हणजे केव्हा करायचा?"

"केव्हाही."

"तू कामात असलीस तर?"

"तर कामात करा."

मग "बघू," म्हणाले आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हिरवा ठिपका नव्हता, आठची वेळ नव्हती. पाचव्या दिवशी न राहवून मी चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, "बरा आहे. फोन हातात घेतो आणि ठेवतो. तिला उगीच त्रास, म्हणतो." त्यांनाही मग मी विचारायचं सोडलं. तसं विचारणं म्हणजे चाचांनाच डबी बनवणं झालं असतं. काही न कळता बसून राहणं काय असतं ते मला कळू दे, असं मी स्वतःला बजावलं. फार वाईट असतं ते. कुणाचाही मोबाइल वाजला की मी आधी माझा काढून बघायची.

बाराव्या दिवशी सकाळी अकराला मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर होते. फळ्यावर अर्धं सूत्र लिहून झालं होतं. टेबलावरचा मोबाइल थरथरला. अण्णा. साठ मुलांसमोर मी तो उचलला.

"हेमा, कामात आहेस का गं?"

"वर्गावर आहे."

"मग ठेवतो. नंतर बघू."

"ठेवू नका. बोला."

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. फोन ठेवतील असं वाटलं. मग ते अगदी बारीक आवाजात, चोरी कबूल करावी तसे बोलले.

"पाय दुखतोय गं. कालपासून फार दुखतोय. येतेस का?"

"येते. निघालेच."

जन्मात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्यांचा पाय दुखतोय हे ऐकून मला बरं वाटलं. ते बरं वाटल्याची लाज घेऊनच मी गाडीला किल्ली लावली.